साथीदाराचा अल्बम : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हुबर्ट समलिन या ज्येष्ठ ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेली संगीतपरंपरा) गिटारवादकाच्या ‘अबाउट देम शूज’ या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अल्बमविषयी या सदरात थोडे लिहिले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याला साथ करणाऱ्याने उतारवयात स्वतःच्या नावावर काढलेला अल्बम कसा ऐकावा, एवढाच तो विषय होता. त्यावर बेळगाव शहरातून आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी तीस वर्षे भजनाला आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करतो. आपले वाचून मुलाने तो अल्बम मोबाइलवर लावून दिला. वर नाव समलिन यांचे, आणि गातात मात्र बहुतेक दुसरेच! जन्मभर ज्याने मागे बसून वाजवले, त्याने निदान स्वतःच्या अल्बमात तरी पुढे यायला नको का?
(पेटीवादक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि ती पेटीवाल्याकडून यावी यात नवल नाही. आधी समलिन यांची साथ कशी होती ते सांगतो, मग अल्बमकडे वळतो.

समलिन यांचा जन्म १९३१ सालचा, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुड गावचा. हाउलिन वुल्फ या धिप्पाड देहाच्या आणि घोगऱ्या, अंगावर येणाऱ्या आवाजाच्या गायकाने त्यांना १९५४ च्या सुमारास शिकागोला आपल्या बँडमध्ये बोलावून घेतले. मध्यंतरी ते थोडे दिवस मडी वॉटर्स या दुसऱ्या मोठ्या गायकाकडे जाऊन आले, तेवढा काळ वगळला तर १९७६ च्या जानेवारीत वुल्फ वारले तोपर्यंत समलिन त्यांच्याच मागे उभे होते. सुरुवातीला त्यांचे वादन गाण्यावर कुरघोडी करते असे वुल्फना वाटले आणि त्यांनी या पोराला पिक (तार छेडण्याची छोटी चकती) टाकून नुसत्या बोटांनी वाजवायला लावले, ही गोष्ट समलिन पुढे मुलाखतींतून सांगत असत. पिकने तार छेडली की स्वराच्या आरंभी एक टोकदार ‘टक्’ येते. बोटाच्या मांसाने छेडली की तो आरंभ मऊ होतो, आणि बोट किती जोरात ओढले त्यावर स्वराचा रंग दर वेळी बदलतो. वुल्फ यांनी केलेली ती सक्ती समलिन यांची ओळख होऊन बसली.

आता त्या साथीची जागा पाहा. ब्लूजची रचना बहुधा बारा मापांची असते आणि प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एक फेरी अठ्ठेचाळीस मात्रांची, आपल्या त्रितालाच्या तीन आवर्तनांएवढी. (हा हिशेब केवळ लांबीचा अंदाज यावा म्हणून, समेचा आपला विचार तिथे लावू नये.) या बारा मापांचे चार-चारांचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात गायक एक ओळ म्हणतो, दुसऱ्यात तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्यात तिला उत्तर देणारी ओळ म्हणून फेरी पुरी करतो. पण ओळ काही चार मापे पुरत नाही. ती दोन-सव्वादोन मापांत संपते आणि उरलेली जागा मोकळी राहते. ती गिटारवाल्याची. बुवांनी चरण म्हणून श्वास घेतला की आपली बोटे जी जागा भरतात, तीच ही जागा.

कच्चा साथीदार तिथे गायकाचीच ओळ पुन्हा उतरवून काढतो, नाहीतर गायकाने पुढचे तोंड धरले तरी त्याचे संपलेले नसते. समलिन पुष्कळदा थोडे उशिरा शिरतात. खालच्या तारेवर एक स्वर, तिथून अचानक वर उडी, वरून बोट तसेच घसरत खाली, आणि शांत. उरलेले माप ते रिकामेच सोडतात. वुल्फ यांचे १९६४ चे ‘किलिंग फ्लोर’ ऐकले तर गिटारचा एक छोटा, फिरून फिरून येणारा तुकडा सबंध गाणे खांद्यावर घेऊन चालताना दिसेल. ते गाणे १९६७ साली अमेरिकेतील माँटेरेच्या महोत्सवात रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी आपल्या कार्यक्रमाच्या आरंभी वाजवले. १९७० साली लंडनमध्ये वुल्फ यांचे इंग्रज रॉक वादकांबरोबर ध्वनिमुद्रण ठरले तेव्हा समलिन यांनाही आणावे असा हट्ट नामवंत इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी धरला होता. स्वतः क्लॅप्टन गिटारला बसलेले असताना त्यांना दुसरा गिटारवाला हवासा वाटला, यावरून काय ते समजावे.

या पार्श्वभूमीवर अल्बम ऐका. समलिन यांच्या नावाचे अल्बम आधीही निघाले होते, पण या अल्बमला क्लॅप्टन, रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक बँडचे कीथ रिचर्ड्स, ड्रमवर लेव्हॉन हेल्म, माउथऑर्गनवर जेम्स कॉटन अशी मंडळी जमली. गंमत अशी की यातली बहुतेक गाणी वुल्फ यांची नाहीतच. ती आहेत मडी वॉटर्स यांच्या गायनातून गाजलेली, म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्याकडे समलिन थोडेच दिवस टिकले त्याची. मला यात मोठे शहाणपण दिसते. वुल्फ यांची गाणी घेतली असती तर समलिन यांना स्वतःच्याच जुन्या जागा पुन्हा वाजवाव्या लागल्या असत्या, आणि ऐकणाऱ्याने पन्नास वर्षांपूर्वीच्या तबकडीशी प्रत्येक जागा ताडून पाहिली असती. दुसऱ्याच्या घरची गाणी घेतल्यामुळे त्यांना पुन्हा नव्याने साथ करायला मिळाली. गाणारे बदलत राहतात आणि मधल्या जागा मात्र एकाच माणसाच्या आहेत, हे तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून कानाला कळू लागते. पुढे येण्याची त्यांची रीत ती आहे. पाहुण्यांची गर्दी मलाही थोडी जास्त वाटते, हे कबूल करतो. एक-दोन ठिकाणी समलिन यांच्यासाठी ठेवलेल्या जागेत दुसरेच वाद्य घुसते आणि आपल्यासारख्या माणसाच्या कपाळावर आठी पडते.

आपल्याच गावचे उदाहरण देतो. कागवाड येथे १९१७ साली जन्मलेले आणि बेळगावला कर्मभूमी मानलेले पं. रामभाऊ विजापुरे हे मोठमोठ्या गायकांच्या साथीसाठी नावाजलेले. ते एकलवादनही करीत. ज्या वाद्यावर आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशके बंदी घातली होती, ते वाद्य एकट्याने मैफलीत मांडणे सोपे नव्हते. एकल पेटीत गायकाची जागा वादकालाच भरावी लागते, म्हणून तिथे गायकी अंगाची सलग मांडणी लागते. समलिन या अल्बमात सहसा तसे करू गेले नाहीत. एका रचनेत गाणाराही आपणच आणि भरणाराही आपणच, हा मार्ग त्यांच्या हाताला मानवणारा नव्हता, आणि ते त्यांना ठाऊक होते.

प्रश्न : ब्लूजचे स्वर म्हणजे आपला धानी राग, असे आमच्या वर्गातील एक मित्र सांगतो. हे खरे का?
(संगीताची विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : अर्धे खरे. सा, कोमल ग, म, प, कोमल नि ही ब्लूज गिटारची पाच स्वरांची पट्टी धानीच्या स्वरांशी जुळते, हे बरोबर. त्यात वाटेतला स्वर म्हणून तीव्र म अधूनमधून डोकावतो. पण नुसत्या पट्टीवर ब्लूजचा रंग चढत नाही. तो चढतो पट्टीखाली वाजणाऱ्या स्वरसमूहांमुळे, ज्यांना गिटारवाले कॉर्ड म्हणतात.

पेटी असेल तर करून पाहा. सा पांढरी एकवर धरा. पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच आणि काळी पाच या चार पट्ट्या एकदम दाबायला मैत्रिणीला सांगा, कारण आपला डावा हात भात्यावर असणार. हा झाला सा, शुद्ध ग, प, कोमल नि असा समूह. आता त्यावर आपण काळी दोन, म्हणजे कोमल ग वाजवा. खाली शुद्ध ग चालू आणि वर कोमल ग: खटकेल. आता मैत्रिणीला म वरचा तसाच समूह धरायला सांगा. त्यात म, शुद्ध ध, सा आणि कोमल ग येतात. मघाशी खटकणारी आपली काळी दोन आता घरी आल्यासारखी बसेल. बारा मापांच्या फेरीत पहिली चार मापे सा वर, मग दोन म वर, दोन पुन्हा सा वर, एक प वर, एक म वर आणि शेवटची दोन सा वर असा साधारण क्रम असतो. वरची पट्टी तीच राहते. खालची जमीन सरकल्यामुळे एकच स्वर कधी बोचतो, कधी विसावतो.

त्या दृष्टीने धानीपेक्षा जोग जवळचा वाटतो, कारण जोगात दोन्ही गंधार आहेत. आरोहात शुद्ध आणि अवरोहात शेवटी येणारा कोमल. तरीही साम्य तेवढ्यापुरतेच, कारण ब्लूजचा गंधार पुष्कळदा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. पेटीवर तो सापडणार नाही. गिटारवाला कोमल गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तार जराशी बाजूला ओढतो आणि स्वर शुद्धाकडे नेता नेता मध्येच सोडतो. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड काढता येते, गिटारवर साधारण एक-दीड स्वराची. पण ब्लूजला ती जराशी ओढच जास्त लागते.

प्रश्न : ब्लूज आणि ब्लूज-रॉक यांत फरक काय? आमच्या घरी रॉक म्हणजे गोंगाट असे ठाम मत आहे.
(निवृत्त शिक्षक, चिकोडी)

उत्तर : घरच्यांचे मत एकदम खोडून काढता येणार नाही, कारण आवाज मोठा करणे हा ब्लूज-रॉकच्या जन्मातलाच भाग आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या तरुणांनी शिकागोच्या तबकड्या ऐकून तेच ब्लूज मोठ्या अँप्लिफायरवर वाजवायला घेतले. जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडचा क्लॅप्टन यांच्याबरोबरचा १९६६ चा अल्बम हा त्यातला टप्पा मानला जातो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की ध्वनिलहरीची वरची टोके कापली जातात. त्यामुळे आवाज खरखरतो, हे घरच्यांना ऐकू येते. पण त्याच वेळी जोरकस आणि हळू स्वरांतले अंतर कमी होऊन स्वर लांबतो. साध्या गिटारचा स्वर छेडल्याबरोबर विझू लागतो, तर या गिटारवर तो सनईसारखा धरून ठेवता येतो. एकच स्वर आठ मात्रा धरून त्याला कंप देत राहणे, हे ब्लूज-रॉक गिटारला त्या खरखरीमुळेच साधले. घरच्यांना एखादे संथ गाणे बेताच्या आवाजात ऐकवून पाहावे.

प्रश्न : साथीदारांचे नाव आणि पैसा दोन्ही इतरांना जातात, हे तिकडेही आहे का? दुसरे कोणी साथीदार अल्बम काढून यशस्वी झाले का?
(टिळकवाडी आणि निपाणी येथील दोन पत्रे)

उत्तर : आहे. गाण्याचे श्रेय आणि त्यावरचे मानधन शब्द व चाल करणाऱ्याच्या नावावर जमा होते. साथीदाराने काढलेला तुकडा लोकांच्या तोंडी बसला तरी तो ‘चाल’ धरला जाईलच असे नाही. मिक टेलर यांचे उदाहरण पाहा. अठराव्या वर्षी, १९६७ मध्ये, ते मेयॉल यांच्या बँडमध्ये गेले आणि १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्समध्ये. स्टोन्सबरोबरच्या त्या साडेपाच वर्षांतले त्यांचे वादन आजही लोक वाखाणतात, पण १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या दुहेरी अल्बमात श्रेयनामात त्यांचे नाव अवघ्या एका गाण्याला आहे. श्रेयाविषयीची नाराजी त्यांनी पुढे बोलूनही दाखवली. १९७४ च्या डिसेंबरात ते बाहेर पडले.

त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम १९७९ मध्ये आला. समलिन यांच्या नेमका उलटा मार्ग त्यांनी घेतला: गायले स्वतःच. गिटार ऐकावी तर तृप्त व्हावे असे वादन आहे, विशेषतः तारेवर नळी सरकवून वाजवलेल्या जागा. पण गाणे सुरू झाले की आवाज पातळ पडतो आणि आपण गिटार पुन्हा कधी येते याची वाट पाहू लागतो. खपाच्या दृष्टीने तो फारसा चालला नाही. माझ्या मते मात्र शब्द नसलेल्या रचनांसाठी तो जरूर ऐकावा.

नाव उच्चारले जाण्याचे एक गोड उदाहरण १९६७ च्या ‘सोल मॅन’ या गाण्यात आहे. मेम्फिसचे स्टीव्ह क्रॉपर गिटारवर आहेत. त्यांची जागा येताच गायक सॅम मूर गाण्याच्या मध्येच ‘वाजव, स्टीव्ह’ अशा अर्थाची हाक देतात. मैफलीत बुवांनी तबलजीकडे पाहून मान डोलवावी, तसेच हे. फक्त ते तबकडीवर कायमचे राहिले. आपल्या चित्रपटसंगीतात हजारो तबकड्या अशा आहेत की ज्यांवर वादकांची नावेच नाहीत. ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे लोकांना कळले ते मुख्यतः ते पुढे गायक म्हणून गाजल्यामुळे. मुंबईच्या स्टुडिओंतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून अल्बम काढला; त्या काळी त्याकडे कोणी वळून पाहिले नाही आणि जवळपास तीस वर्षांनी तो पुन्हा निघाला तेव्हा परदेशात त्याची चर्चा झाली.

कायद्याचे एवढेच सांगतो की, १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन वादकासह सर्व प्रयोगकर्त्या कलावंतांचा, व्यावसायिक वापर झाल्यास, रॉयल्टीवरील हक्क मान्य झाला आहे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कागदावर सही करताना हे ध्यानात असावे.

प्रश्न : मी लग्नसमारंभांच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षे गिटार वाजवतो. एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावे घेतली, माझे राहिले. त्या रात्रीपासून स्वतःच्या पाच-सहा रचना मुद्रित कराव्यात असे मनात आहे. ब्लूज-रॉक आवडते, मराठीच करायचे आहे. सुरुवात कशी करू? गाता येत नाही.
(गिटारवादक, निपाणी)

उत्तर : गाता येत नाही ही अडचण समजू नका, वरच्या दोन अल्बमांची तुलना आपण वाचलीच असेल. ऑर्केस्ट्रातल्या ज्या गायकाच्या मागे वाजवताना आपला हात सर्वांत मोकळा चालतो, त्यालाच घ्या, मग तो सर्वांत गोड गळ्याचा नसला तरी हरकत नाही. तो मराठीइतकाच कानडीतही गात असेल, तर एखादी रचना कानडीत होऊ द्यायला संकोच नसावा. निपाणीच्या श्रोत्याला त्यात वावगे वाटणार नाही.

शब्द लिहून घेताना ओळ आखूड ठेवायला सांगा. मराठी गीतकाराला सबंध चार मापे शब्दांनी भरून टाकायची सवय असते, आणि मग आपल्याला वाजवायला उरते काय? पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर, असा साचा आपल्या कानाला परका नाही. दोन मापांत बसेल अशी ओळ घ्या, जसे ‘पाऊस थांबला, तरी पन्हळ गळते’. पुढची दोन मापे आपली. हीच ओळ दुसऱ्यांदा येईल तेव्हा खाली म चा समूह असेल, म्हणून आपले उत्तरही बदलावे लागेल. पहिल्यांदा वाजवलेले तसेच वाजवलेत तर ऐकणाऱ्याला ते पाठ केल्यासारखे वाटेल.

ध्वनिमुद्रण शक्य तो एकाच खोलीत, सर्वांनी मिळून करा. आजकाल ठेका आधी, बास नंतर, गिटार दुसऱ्या दिवशी आणि गायक तिसऱ्या आठवड्यात अशी पद्धत आहे. तिच्यात सोय आहे, पण आपली बावीस वर्षांची कमाई गायकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून वाजवण्यात आहे, आणि गायकच समोर नसेल तर तिचा उपयोग काय होणार? अँप्लिफायर लहान घ्या. लहान अँप्लिफायर पूर्ण उघडला की हवी ती खरखर मिळते आणि शेजारीही झोपू शकतात. जुनी, दुसऱ्याची गाणी वाजवणार असाल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या. स्वतःच्या रचना असतील तर तो प्रश्नच येत नाही.

आणि मुखपृष्ठाच्या मागे ढोलकीवाल्यापासून ध्वनिमुद्रकापर्यंत सर्वांची नावे छापा. ती गळली म्हणजे कसे वाटते हे आपल्याला सांगायला नको. पहिली रचना झाली की मोबाइलवर केलेली कच्ची फीत पाठवलीत तरी चालेल. ऐकून दुसऱ्या ओळीनंतरच्या दोन मापांविषयी सविस्तर लिहीन.